लाल ठिपक्याचा कप

हुरड्याचे दिवस आले की शहरातल्या लोकांना भूक लागते आणि मला लाज वाटायला लागते. दोन्ही गोष्टी दर वर्षी न चुकता होतात. डिसेंबर सरता सरता मंडळी गाड्या काढतात, कानाला मफलर गुंडाळतात आणि 'काय गुलाबी थंडी पडलीय' म्हणत कन्नडच्या रस्त्याला लागतात. थंडीला गुलाबी म्हणणाऱ्या माणसानं ती कधी मेंढरांमागं उघड्या माळावर काढलेली नसते. माझ्या बापानं काढली होती, फुलंब्रीच्या अलीकडच्या माळावर, एका घोंगडीत. त्याला कुणी त्या थंडीचा रंग विचारला असता तर तो विचारणाऱ्याच्या तोंडाकडे नुसता बघत राहिला असता.

आमच्या कारखान्यातले जुने फोरमन भाऊसाहेब यांचं देवगाव रंगारीला शेत आहे. निवृत्तीनंतर त्यांनी तिथं हुरडा पार्टीचा धंदा काढला. फाटकावर बोर्ड, लिंबाला टायरचा झोका, बैलगाडीची चक्कर, आणि जन्मात शेणाला हात न लावलेल्या बायांना गोवऱ्यांच्या आगटीपुढे फोटो काढायला जागा. आम्हा जुन्या कामगारांना मात्र ते भोगीच्या दिवशी फुकट बोलावतात. फुकट म्हणजे ऐकून घेण्याच्या बोलीवर. दोन मुठी हुरडा पोटात गेला की भाऊसाहेब लसणाच्या चटणीची बोटं चाटत जर्मनी सुरू करतात.

"तीन महिने काढले आम्ही तिथं," ते पाहुण्यांना सांगतात. "मी, हा कडुबा, अन् अजून एक जण. घरमालकीण म्हातारी. दिसायला देवासारखी. पण तिसऱ्या दिवशी आमचे कप वेगळे केले तिनं! लाल ठिपका लावला! का, तर आम्ही इंडियाचे! आता सांगा, ह्याला काय म्हणायचं?"

"वर्णद्वेष," कुणीतरी म्हणतं. पाहुणे च्च च्च करतात. एखादी बाई गुळाचा खडा तोंडात धरून म्हणते, "किती हो अपमान वाटला असेल तुम्हाला!"

"काळजावर वार केला हो," भाऊसाहेब म्हणतात आणि माझ्याकडे बघतात. "व्हय का नाय रे कडुबा?"

मी हातावरचा हुरडा चोळत मान हलवतो. दर वर्षी हलवतो. सांगितलेलं सगळं खरं आहे. फक्त अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं मला तोंडपाठ आहे.

नव्वद सालानंतर वाळूजला रोज एक नवी शेड उभी राहत होती. काल जिथं बाजरी होती तिथं आज पत्रा, आणि परवा पत्र्याखाली आयटीआय झालेली शंभर पोरं. त्यातलाच मी एक, धनगराचा पहिला फिटर. आमच्या कारखान्यात गिअर घासायचं नवं मशीन जर्मनीहून यायचं होतं. ते शिकायला तिघांना तिकडे पाठवायचं ठरलं. भाऊसाहेब फोरमन म्हणून. गौतम, कारण मशीनवर त्याच्याइतका हात कुणाचाच चालत नव्हता, आणि हे त्याचे शत्रूही कबूल करत. तिसरा मी, कारण मी कधी उलट बोलत नसे. परत आल्यावर नवं मशीन कुणाच्या ताब्यात द्यायचं, ते भाऊसाहेबांनी लिहून द्यायचं होतं. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. फरक एवढाच की गौतम ते विसरू शकत होता.

गौतम उस्मानपुऱ्यात राहायचा. त्याच्या कोपरावर लाठीचा वण होता. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, तेव्हा गावाकडे त्याच्या मामाचं घर जाळलं गेलं. तेव्हा तो शाळेत होता. पुढं मोर्चे, सत्याग्रह, हर्सूलच्या तुरुंगातले आठ दिवस, हे सगळं तो पाळी सांभाळून करत आला. कारखान्यात त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे. कॅन्टीनमधली टेबलं कुणी वाटून दिली नव्हती, पण ती वाटली गेली होती. कोणत्या टेबलावर कोण बसतं हे नव्या पोराला सांगावं लागत नसे. आणि आम्ही स्वतःला नव्या जमान्याचे कामगार म्हणवून घेत होतो!

नोव्हेंबरात आम्ही निघालो. भाऊसाहेबांनी एक अख्खी पेटी भरून पापड, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि जोंधळ्याचं पीठ घेतलं. माझ्या बापानं घोंगडी दिली. म्हणाला, "तिथं बर्फ पडतं म्हंत्यात. विलायती पांघरूण काय कामाचं नाय." गौतमनं दोन पुस्तकं आणि एक स्वेटर घेतला. परदेशात जाताना माणूस काय उचलतो त्यावरून तो कोण हे कळतं म्हणतात. मला तेव्हा नाही कळलं, कारण भाऊसाहेबांनी आणलेली खरी चीज पेटीत नव्हती.

त्या शहराचं नाव सांगत बसत नाही. धुराड्यांचं शहर, आपल्या चिकलठाण्यासारखंच, फक्त धुतलेलं. पहिले पंधरा दिवस आम्ही तिथं नुसते घाबरलेलो होतो. रस्त्यावर चिटपाखरू नसताना माणसं लाल दिव्यापुढे उभी. समोर गाडी नाही, मागे गाडी नाही, वर बर्फ पडतंय, आणि हे हात खिशात घालून हिरव्याची वाट बघतायत. असल्या शिस्तीची मला कीव येई. रविवारी तर बोलायचंही नाही. मी एकदा खिळा ठोकला तर शेजारचा माणूस येऊन घड्याळ दाखवून गेला. कचऱ्याला चार डबे. कोणता कचरा कोणत्या जातीचा ते ओळखून टाकायचा. संडासात पाणी नाही, कागद. जगाला मशीन विकणारे लोक, आणि एक तांब्या ठेवायचं सुचलं नाही. सूर्य साडेतीनला दमायचा. फोडणी टाकली की जिन्यातल्या तिन्ही मजल्यांच्या खिडक्या उघडायच्या. माझी घोंगडी म्हातारीनं दोन बोटांत धरून गॅलरीत नेऊन टाकली. मेंढराचा वास येतो म्हणे. येणारच. ती मेंढराचीच होती.

म्हातारी वाईट नव्हती. खालच्या मजल्यावर एकटी राहायची. तिच्या घरात दोन खोल्या आम्हाला आणि स्वयंपाकघर सगळ्यांत मिळून. तिला इंग्रजी येत नसे, आम्हाला जर्मन येत नसे, सगळं हातवाऱ्यांवर. तिनं भिंतीवर पाळ्यांचा कागद लावला होता: जिना कोण पुसणार, संडास कोण धुणार. घरी ज्यांनी स्वतःचं ताट उचललं नव्हतं त्या भाऊसाहेबांच्या नावापुढेही पाळी होती. ते कागदापुढे उभे राहून हसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आपल्यात काय हाय कडुबा, तू केलं काय, मी केलं काय." मग त्यांच्या पाळीलाही संडास मीच धुतला. मेंढरांच्या लेंड्या उचललेला हात, त्याला काय! असं मी स्वतःला समजावलं, आणि मनातल्या मनात सुपरवायझरच्या केबिनचं दारही उघडून पाहिलं.

पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी भाऊसाहेबांनी चहा केला होता. तीन कप मांडले आणि गौतमला म्हणाले, "तुझा कप जरा वेगळा ठेवत जा बरं. तुला सर्दी हाय."

गौतमला सर्दी नव्हती. मी रात्रंदिवस त्याच्या खोलीत होतो. त्यानं एकदा भाऊसाहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी चहात बिस्कीट बुडवत होतो. मग तो म्हणाला, "बरं." कप धुऊन खिडकीत ठेवला. तिथून पुढं त्याचा कप खिडकीत असायचा. गावातल्या हॉटेलात बाहेरच्या खांबाला अडकवलेली कपबशी मी लहानपणी पाहिली होती. ती विमानात बसून येईल असं मात्र वाटलं नव्हतं. तिला व्हिसा लागला नाही, वजन भरलं नाही, कस्टमवाल्यानं विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी कामावरून आलो तर फडताळात तीन कप, तीन ताटल्या, तीन चमचे, सगळ्यांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. म्हातारीनं हसत हसत हातवारे केले. हे तुमचं, हे माझं. तुम्ही हातानं खाता. तिखट. वास. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती टापटीप होती.

भाऊसाहेबांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. कानापर्यंत लाल झाले. म्हातारी खाली जाईपर्यंत कसंबसं थांबले, आणि मग फुटले. "आरं, ही काय बेइज्जती हाय का काय? आम्ही काय म्हारोगी हायेत? पिढ्यान्‌पिढ्यांची पाटिलकी आमची! गावात आमच्या वट्यावर चढायची कुणाची टाप नव्हती, अन् ही बाई आमची भांडी येगळी करती?"

गौतम खिडकीपाशी उभा होता. त्याला हसू यायला लागलं. आधी नाकातून, मग पोटातून. हसता हसता तो खाली बसला, डोळ्यांतून पाणी आलं.

"दात काहून काढतो?" भाऊसाहेब ओरडले.

"काय नाय भाऊसाहेब," तो डोळे पुसत म्हणाला. "म्हातारीला आपल्या तिघांत फरकच कळंना, म्हणून हसू आलं."

एवढं लखलखीत बोललेलं त्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही. पण भाऊसाहेबांच्या डोक्यात त्यातलं काही शिरलं नाही. त्यांनी दाढीचं ब्लेड घेतलं आणि आपल्या कपावरचा ठिपका खरवडून काढला. मग माझा कप ओढला, त्यावरचाही काढला. गौतमचा कप तसाच राहू दिला.

त्या वेळी मला बोलता आलं असतं. नुसता हात पुढे करून कप परत घेतला असता तरी चाललं असतं. मी ब्लेडकडे बघत राहिलो, आणि खरं सांगायचं तर ठिपका निघाला तेव्हा मला बरं वाटलं. जन्मभर ज्यांच्या तोंडून 'मेंढक्या' ऐकलं, त्यांच्या शेजारी माझा कप स्वच्छ होऊन बसला होता. एवढ्यावर माणूस विकला जातो. दुसरं काही लागत नाही.

म्हातारी मात्र जर्मन होती. शनिवारी तिनं भांडी तपासली आणि दोन्ही कपांवर पुन्हा ठिपके दिले. रविवारी भाऊसाहेबांनी ते खरवडले. हा तमाशा दर आठवड्याला चालला. ती शनिवारी रंगवायची, हे रविवारी खरवडायचे, दोघंही भेटल्यावर 'गुटन मॉर्गन' म्हणायचे. तिला वाटे नेलपॉलिश हलकं आहे. गौतमच्या कपाला कधी हात लावावा लागला नाही. मी एकदा भाऊसाहेब नसताना त्याला म्हणालो, "तुझा पण खरवडून टाक की."

"कशाला? सोळा वर्षं आम्ही एक नाव लावायला झगडतोय," तो म्हणाला, "अन् मी इथं ठिपका पुसत बसू? राहू दे. माझा कप मला ओळखू येतो."

त्या घरातली माझी खरी आठवण कपाची नाही, केकची आहे. संक्रांत शुक्रवारी होती. तिकडे संक्रांत कुणाच्या बापाला माहीत! आम्ही मशीनवर होतो. दुसऱ्या दिवशी किंक्रांत. दुपारी गौतम कोपऱ्यावरच्या टेलिफोनवरून घरी फोन करायला गेला. त्याचा भाऊ ठरल्या वेळेला क्रांती चौकातल्या बूथवर येऊन उभा राहायचा. गौतम परत आला तेव्हा टोपीवर बर्फ होतं, ते झटकायचंही त्याच्या ध्यानात नव्हतं. दारातच उभा राहिला.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं?" मी विचारलं.

"नाव लागलं विद्यापीठाला. भाऊ रडत व्हता फोनवर. म्हणला, गेटापाशी पाय ठेवायला जागा नाय." मग म्हणाला, "मराठवाडा पण ठेवलंय मागं. राहू दे. मामा पाह्यजे व्हता आज."

हातात खोका होता. बेकरीतून सफरचंदाचा केक आणला होता. तिळगूळ कुठून आणणार! म्हातारीला वाटलं ह्याचा वाढदिवस आहे. तिनं टाळ्या वाजवल्या, खालून आपले ठेवणीतले कप आणले, सोनेरी काठाचे, बिनठिपक्याचे, आणि सगळ्यांना कॉफी केली. तिनं गौतमच्या हातातून केकचा तुकडा घेतला, उभ्याउभ्याच हातानं खाल्ला आणि बोटं चाटली. त्या शनिवारी तिनं नेलपॉलिश काढलंच नाही.

गौतमनं दुसरा तुकडा भाऊसाहेबांपुढे धरला. "पोटात गडबड हाय जरा," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. कालपासून त्यांनी सात भाकरी खाल्ल्या होत्या.

मग तुकडा माझ्यापुढे आला. "घे कडुबा. तोंड गोड कर."

मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. ते खिडकीच्या काचेतून मलाच बघत होते. तीन आठवड्यांनी आमचे अहवाल जायचे होते. मी तुकडा घेतला. हसलो. "नंतर खातो, आत्ता पोट भरलंय," म्हणालो, कागदी रुमालात गुंडाळला आणि जॅकेटच्या खिशात ठेवला. भाऊसाहेबांनी नकार तरी दिला. मी तोही दिला नाही. घेतल्यासारखं केलं आणि खाल्ला नाही. त्यांच्या पाटिलकीपेक्षा माझी ही हुशारी जास्त घाण होती, हे मी आज म्हणतो. त्या दिवशी मला ती युक्ती वाटली होती.

सोमवारी तळघरात कपडे धुवायची पाळी गौतमची होती. संध्याकाळी माझं जॅकेट दोरीवर होतं. धुतलेलं, झटकलेलं, आणि एक खिसा उलटा बाहेर काढून वाळत घातलेला. मी तिथं जिन्यात किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. गौतम रात्री जेवायला नेहमीसारखा बसला, मला मीठ दिलं. पुढं तीस वर्षं तो त्यावर एक शब्द बोलला नाही.

नवं मशीन मला मिळालं. गौतम तिसऱ्या पाळीत जुन्या लेथवर गेला. मी पुढं सुपरवायझर झालो, केबिनचं दार मनातल्यापेक्षा हलकं निघालं. गौतमच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत बसून जेवलो, बुंदी दोनदा मागून घेतली, लोकांना दिसेल अशी. आता असं जेवणं सोपं झालंय. शहरात कोण कुणाचं ताट बघतंय! उलट फोटो काढून ठेवतात. पण त्या दिवशीचा तो एक तुकडा बुंदीनं फिटत नाही.

परवाच्या भोगीला भाऊसाहेबांनी पुन्हा जर्मनी काढली. "काळजावर वार," पुन्हा. "व्हय का नाय रे कडुबा?" पुन्हा. वय झालंय त्यांचं. मला वाटलं आज बोलावं. तोंड उघडलंही. "भाऊसाहेब, ब्लेड..." एवढंच म्हणालो.

"कसलं ब्लेड?" त्यांनी विचारलं. अगदी निर्मळ चेहऱ्यानं विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी हुरडा आगटीच्या राखेत टाकला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, उस्मानपुऱ्यात गौतमकडे गेलो. तो नुकताच विद्यापीठाच्या गेटवरून आला होता. दर वर्षी जातो. पायांवर धूळ होती, गुडघे चोळत बसला होता. घरात सकाळपासून माणसांची ये-जा झालेली. मी बसलो, आणि बसल्या बसल्या बोललो, नाहीतर पुन्हा बोलणं झालं नसतं.

"गौतम, त्यो केक मी खाल्ला नव्हता."

"माहीत हाय," तो म्हणाला. "जॅकेट मी धुतलं व्हतं."

"कव्हा बोलला नायस."

"तू पण नाय बोलला."

वहिनी चहा घेऊन आल्या. मला कागदी कपात. "राग मानू नका भाऊजी, सकाळधरनं पाव्हणे, सगळे कप खरकटे पडलेत," म्हणाल्या. गौतमला मात्र त्याचा कप. पांढरा, कडेला टवका उडालेला, कानाखाली लाल ठिपका. तीस वर्षांत फिका झालाय, पण आहे. निघताना म्हातारीनं तो त्याला देऊन टाकला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

मी कागदी कप खाली ठेवला. मग हात पुढे केला. जो हात तेव्हा पुढे करायचा राहिला होता तोच. "गौतम," मी म्हणालो, "त्यातला एक घोट मला दे."

गौतमनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हासारखंच, जरा जास्त वेळ. मग कप हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

"नको," तो म्हणाला. "मला सर्दी हाय."

त्याला सर्दी नव्हती. तेव्हाही नव्हती.